कालपर्यंत कोड लिहीत होतात, आता टीम सांभाळायचीये: नव्या इंजिनिअरिंग मॅनेजरसाठी पायरी-पायरीनं

प्रमोशनचा मेल आला, अभिनंदनाचे मेसेज झाले आणि सोमवारी सकाळी लॅपटॉप उघडल्यावर कळेचना की आता नेमकं करायचं काय. माझं अगदी हेच झालं होतं. सवयीनं बॅकलॉगमधलं (करायच्या कामांच्या यादीतलं) एक तिकीट उचललं, एडिटर उघडला आणि दुपारपर्यंत मस्त तंद्री लावून कोड लिहिला. तेवढ्यात तिघांचे पीआर (कोडमधले बदल, जे दुसऱ्यानं तपासून मंजूर करायचे असतात) माझ्या रिव्ह्यूसाठी पडून होते, एकाला फक्त एक प्रश्न विचारायचा होता म्हणून तो अडकून बसलेला, आणि प्रॉडक्टवाल्यांना एका गोष्टीवर माझं हो की नाही एवढंच हवं होतं. संध्याकाळी मी खूश, कारण माझं तिकीट क्लोज झालं होतं. टीमचा दिवस मात्र फुकट गेला होता आणि ते मला कळायला पुढचे दोन महिने लागले.

तर सगळ्यात आधी ही एक गोष्ट डोक्यात पक्की करा, बाकीचा लेख हिच्याभोवतीच फिरतो. इंजिनिअर असताना आपली नजर चालू कामावर असते, मॅनेजर झालात की ती थांबलेल्या कामावर न्यावी लागते. कुठला पीआर पडून आहे, कुठला निर्णय कुणाच्या उत्तरावाचून खोळंबलाय, कोण तीन आठवडे मनात काहीतरी धरून बसलंय, कुठला अलर्ट रोज वाजतोय पण कुणी बघत नाहीये. माणसं सांभाळणं असो नाहीतर टेक्निकल बेसिक, दोन्ही शेवटी यासाठीच लागतं की हे अडलेलं आपल्याला वेळेत दिसावं.

पायरी १: पहिले दोन आठवडे काही बदलू नका, फक्त एक ओळ प्रॉडक्शनला न्या

नव्या मॅनेजरचे हात शिवशिवत असतात. स्टँडअपची वेळ बदलू, बोर्डवर नवे कॉलम लावू, अमुक टूल आणू. जरा दमानं घ्या. आधी प्रत्येकाशी अर्धा-पाऊण तास बसा आणि तीनच गोष्टी विचारा: सध्या सगळ्यात जास्त वैताग कशाचा येतो, काय चांगलं चाललंय ज्याला मी हात लावू नये, आणि या सिस्टिममधल्या कुठल्या भागाला हात लावायची तुला भीती वाटते. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर नीट लिहून ठेवा. पाच जणांपैकी चौघांनी एकाच मॉड्यूलचं नाव घेतलं तर पुढच्या सहा महिन्यांतला तुमचा सगळ्यात मोठा टेक्निकल धोका तुम्हाला फुकटात कळला. सोबत हेही टिपा की कुठल्या भागाची माहिती फक्त एकाच माणसाच्या डोक्यात आहे, कारण तो माणूस सुट्टीवर गेला की तो भाग पण सुट्टीवर जातो.

मग दुसरं काम. एखादा अगदी फालतू बदल घ्या, म्हणजे एरर मेसेजमधलं स्पेलिंग वगैरे, आणि तो स्वतः प्रॉडक्शनपर्यंत, म्हणजे ग्राहक वापरतात त्या खऱ्या सिस्टिमपर्यंत न्या, प्रत्येक टप्प्याची वेळ कागदावर लिहीत. मी केलं तेव्हा कागद साधारण असा दिसत होता: सोमवार सकाळी १०:२० ला कमिट. बिल्ड ३५ मिनिटं. एक टेस्ट फेल, जिचा माझ्या बदलाशी काडीचा संबंध नव्हता, शेजारचा म्हणाला "ती असंच करते रे, परत चालव." परत ३५ मिनिटं. मग रिव्ह्यूसाठी थांबणं, तो मिळाला मंगळवारी दुपारी. मग कळलं डिप्लॉय (नवा कोड प्रॉडक्शनवर चढवणं) फक्त गुरुवारी होतो. एक ओळ, चार दिवस, आणि त्यात माणसाचं खरं काम पंधरा मिनिटांचंही नाही! हा कागद म्हणजे तुमच्या टीमचा एक्स-रे समजा. कुणी म्हणालं टीम स्लो आहे, तर आधी हा कागद बघायचा, माणसांकडे नंतर.

पायरी २: रांगेचं गणित समजून घ्या

कॉलेजमध्ये कंटाळून सोडून दिलेलं हे गणित मॅनेजर झाल्यावर रोज उपयोगी पडतं. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेला एक साधा नियम आहे: सिस्टिममध्ये सरासरी जेवढी कामं पडून असतात, ती म्हणजे काम येण्याचा वेग गुणिले एका कामाला लागणारा सरासरी वेळ. उलटं करून वाचा. टीमनं एकावेळी १२ गोष्टी हातात घेतल्यात आणि आठवड्याला ४ पूर्ण होतात, तर एका गोष्टीला सरासरी ३ आठवडे लागणार. आता कुणालाही जास्त तास बसायला न लावता, हातातल्या गोष्टी ६ केल्या आणि वेग तोच राहिला, तर दीड आठवडा. बहुतेक वेळा वेग थोडा वाढतोच, कारण माणसं दहा ठिकाणी डोकं फोडत नाहीत.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची वाटते मला. रांगेच्या सगळ्यात सोप्या मॉडेलमध्ये माणूस किंवा मशीन ५० टक्के बिझी असेल तर नव्या कामाला साधारण एका कामाइतकं थांबावं लागतं, ८० टक्क्यांना चार कामांइतकं, ९० ला नऊ, ९५ ला एकोणीस. खऱ्या टीमला हे आकडे जसेच्या तसे लागू होणार नाहीत, पण वळण हेच. म्हणून जेव्हा वरून विचारतात "सगळे शंभर टक्के भरलेले आहेत ना?" तेव्हा अभिमानानं हो म्हणू नका. सगळे भरलेले असतील तर रिव्ह्यू कोण करणार, रात्री काही फुटलं तर सकाळी त्याच्या मुळाशी कोण जाणार. मी स्प्रिंट (ठरावीक आठवड्यांचा कामाचा टप्पा) प्लॅन करताना साधारण एक पंचमांश वेळ मोकळाच सोडतो आणि तो कुठे गेला हे नंतर बघतो. गेला नाही असं अजून तरी झालेलं नाही.

आणि हो, एआय टूल्समुळे कोड आता भराभर लिहून होतो, त्यामुळे रांग रिव्ह्यूपाशी सरकलीये. लिहायला वीस मिनिटं लागलेला आठशे ओळींचा पीआर वाचायला कुणी तयार नसतं, मग एकतर तो पडून राहतो नाहीतर कुणीतरी डोळे मिटून अप्रूव्ह करतो, आणि दुसरं जास्त वाईट. टीमसोबत बसून दोन गोष्टी ठरवून टाका: पीआर छोटे, आणि अर्ध्या दिवसात पहिलं उत्तर. बास.

पायरी ३: वन-ऑन-वन, आणि त्यात गप्प बसणं

टीममधल्या एकेकाशी एकट्यानं बसायचं, दर आठवड्याला अर्धा तास, ठरलेली वेळ, आणि अजेंडा समोरच्याचा. स्टेटस विचारायचं नाही, ते बोर्डवर दिसतं. सगळ्यात मोठी चूक म्हणजे काम जास्त आलं की हीच मीटिंग आधी उडवायची. समोरच्याला त्यातून कळतं ते एवढंच की तो यादीत शेवटी आहे.

टीममधली एक सिनियर इंजिनिअर होती, कामाला एकदम चोख, प्रत्येक वेळी "सगळं ठीक" म्हणायची. एका आठवड्यात मी मुद्दाम पुढचा प्रश्न टाकला नाही.

"कसं चाललंय?"

"ठीक आहे सगळं."

मी गप्प. आठ-दहा सेकंद गेले असतील, पण ती किती लांब वाटतात हे केल्याशिवाय कळणार नाही.

"म्हणजे... ते डिझाइनचं जरा खटकलं मला."

"कुठल्या डिझाइनचं?"

"अरे, तू त्या मीटिंगमध्ये माझा डॉक न वाचता आला होतास ना. आणि मग तिथेच सगळं बदललं. मी तीन आठवडे त्यावर घालवले होते."

खरं होतं. वाचला नव्हता. मी सफाई द्यायला तोंड उघडलं आणि नशिबानं बंद केलं. "वाचला नव्हता, चुकलंच माझं. त्या बदलामुळे नेमकं काय बिघडलंय, सांग" एवढं म्हणालो आणि मग तिनं वीस मिनिटं सांगितलं, त्यातले दोन मुद्दे असे होते की आम्ही ते धरून पुढे गेलो असतो तर डेटा दोनदा लिहिला गेला असता. म्हणजे टेक्निकल बग एका माणसाच्या नाराजीखाली दबून पडला होता. तेव्हापासून मी "सॉफ्ट स्किल" हा शब्द जरा जपून वापरतो.

एमी एडमंडसन यांनी १९९९ मध्ये टीममधल्या या मोकळेपणावर संशोधन मांडलं, त्याला सायकॉलॉजिकल सेफ्टी म्हणतात, आणि पुढे गुगलनं आपल्या टीम्सचा अभ्यास केला तेव्हाही चांगल्या टीमच्या लक्षणांत हे वर आलं. लोक याचा अर्थ "सगळ्यांशी गोड बोला" असा लावतात. अर्थ एवढाच आहे की "मला हे कळलं नाही" किंवा "तुझं चुकतंय" हे बोलायला माणसाला भीती वाटू नये. आणि ते तुम्ही भाषण देऊन होत नाही, कुणीतरी पहिल्यांदा तुमची चूक काढली तेव्हा तुमचा चेहरा कसा झाला यावर ठरतं.

पायरी ४: फीडबॅक साठवून ठेवू नका

वर्षाच्या शेवटी ॲप्रेजलमध्ये पहिल्यांदा काही ऐकावं लागलं तर चूक मॅनेजरची. माझा नियम दोन दिवसांचा आहे, घटना घडल्यापासून दोन दिवसांत बोललो नाही तर समजायचं की मी टाळतोय. बोलायचं कसं, तर काय झालं, कधी झालं, त्याचा परिणाम काय झाला, एवढंच. "तू टीम प्लेयर नाहीस" हे वाक्य निरुपयोगी आहे, त्यावर समोरचा एकतर भांडेल नाहीतर मनात कुढेल. त्याऐवजी: "कालच्या रिव्ह्यूत तू 'हे काय लिहिलंय' एवढीच कमेंट टाकलीस. ज्याचा पीआर होता त्यानं आज सकाळी तो बंदच करून टाकला आणि विचारायला पण आला नाही. तुला तिथे काय हवं होतं?" शेवटचा प्रश्न मनापासून विचारायचा, कारण अर्ध्या वेळा त्याचं म्हणणं बरोबर असतं, फक्त पद्धत चुकलेली असते.

कौतुकाचंही तसंच. "गुड जॉब" ला काही किंमत नाही. "तू मायग्रेशनच्या (डेटाबेसमधल्या बदलाच्या) आधी रोलबॅक (बदल मागे घेणं) करून बघितलास म्हणून आपल्याला तो लॉकचा प्रॉब्लेम आधीच कळला" हे त्याला वर्षभर लक्षात राहतं आणि ऐकणारे बाकीचे पण पुढच्या वेळी रोलबॅक करून बघतात.

कुणाचं काम खरंच कमी पडत असेल तर आधी स्वतःला विचारा की त्याला अपेक्षा नक्की माहीत आहे का, लिहून दिलीये का. नव्वद टक्के मॅनेजर म्हणतात "सांगितलंय की". लिहा. मग ठरलेल्या मुदतीत, ठरलेल्या उदाहरणांवर, दर आठवड्याला बोला, आणि एचआरला उशिरा नाही, लवकर सामील करून घ्या. हे टाळलंत तर बाकीचे चार जण त्याचा भार मुकाट्यानं उचलतात आणि मग त्यातला सगळ्यात चांगला राजीनामा देतो.

पायरी ५: कोड किती लिहायचा

यावर लोक हातघाईवर येतात. माझं मत: लिहा, पण कुणी तुमच्यासाठी थांबेल असा नको. रिलीजच्या वाटेवरचं फीचर घेतलंत की तीन मीटिंगा लागतील, तुमचा पीआर आठवडाभर अर्धवट पडेल आणि मॅनेजरला "कधी होणार" विचारायची हिंमत कुणाला होत नाही. त्याऐवजी ती मधूनमधून फेल होणारी टेस्ट दुरुस्त करा, डिप्लॉयची स्क्रिप्ट नीट करा, छोटे बग घ्या. आणि रोज निदान एखादा पीआर वाचा, मत द्यायला नाही, सिस्टिम डोक्यात ताजी राहावी म्हणून.

काम सोपवताना एक गोष्ट स्पष्ट बोला, निर्णय कुणाचा आहे. "तू बघ" याचे चार अर्थ होतात: माहिती काढ आणि मला सांग, पर्याय सुचव आपण ठरवू, तू ठरव आणि करायच्या आधी सांग, तू ठरव आणि करून टाक. कुठला ते बोललात नाहीत तर समोरचा पहिला धरून चालतो आणि तुमच्या दारात रांग लागते. आणि चौथा दिलात तर मग त्याचं उत्तर तुमच्यापेक्षा वेगळं आलं तरी, सिस्टिम पेटत नाहीये तोवर, हात खिशात ठेवा.

पायरी ६: टेक्निकल बेसिक, म्हणजे योग्य ठिकाणी प्रश्न विचारता येणं

तुम्ही टीममधले सगळ्यात हुशार इंजिनिअर असायची गरज नाही, असलात तर उलट अडचणच. पण काही गोष्टी पक्क्या हव्यातच, नाहीतर डिझाइन रिव्ह्यूत तुम्ही नुसती मान हलवत बसाल.

सुरुवात डेटापासून. कोड बिघडला तर परत डिप्लॉय करता येतो, डेटा गेला की गेला. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅबच्या (कोड साठवायची सेवा देणारी कंपनी) एका इंजिनिअरनं रात्री रेप्लिकेशन, म्हणजे डेटाची दुसऱ्या सर्व्हरवर होणारी नक्कल, दुरुस्त करताना दुय्यम सर्व्हरवरची डिरेक्टरी उडवायची म्हणून कमांड दिली, ती चालली मुख्य डेटाबेसवर. थांबवेपर्यंत सुमारे ३०० जीबीतला थोडाच डेटा उरला होता. चूक कुणाकडूनही होते, पण खरी गोष्ट पुढे आहे: बॅकअप बघायला गेले तर रोजचा बॅकअप कित्येक दिवस होतच नव्हता, पोस्टग्रेस या त्यांच्या डेटाबेसच्या चुकीच्या व्हर्जनचं टूल चालत होतं, आणि तो फेल झाल्याचे मेल समोरच्या मेल सर्व्हरनं नाकारल्यामुळे कुणापर्यंत पोचलेच नव्हते. सहा तास आधी एकानं हातानं घेतलेला एक स्नॅपशॉट होता, त्यावर निभावलं. सुमारे सहा तासांचा डेटा गेला. त्यांनी हे सगळं स्वतःच उघडपणे लिहून टाकलं, त्याबद्दल त्यांचं कौतुकच आहे. तुम्ही टीमला "बॅकअप आहे का" असं विचारू नका, सगळे हो म्हणतात. "शेवटचं रिस्टोअर कधी करून बघितलं आणि किती वेळ लागला" असं विचारा. उत्तर यायला वेळ लागला तर पुढच्या स्प्रिंटमध्ये ते काम टाकाच.

डेटाबेसचं अजून एक: स्कीमा (टेबल-कॉलमची रचना) बदलताना जुना आणि नवा कोड काही काळ एकत्र चालणार आहेत हे गृहीत धरायचं. आधी नवा कॉलम टाका, मग दोन्हीकडे लिहा, जुना डेटा भरून घ्या, वाचणं नव्यावर न्या, आणि सगळं शांत झाल्यावर आठवड्यांनी जुना काढा. "एकाच डिप्लॉयमध्ये रीनेम करतो" असं कुणी म्हणालं की विचारा, मध्येच रोलबॅक करायची वेळ आली तर?

मग नेटवर्क. दुसऱ्या सर्व्हिसला केलेला प्रत्येक कॉल कधीतरी अडकणार, म्हणून टाइमआउट हवा, म्हणजे ठरावीक वेळेनंतर वाट बघणं सोडायचं. फेल झाला की रिट्राय, बरोबर, पण एकात एक तीन थर असतील आणि प्रत्येक थर तीनदा प्रयत्न करत असेल तर सगळ्यात खालच्या बिचाऱ्या डेटाबेसवर एका क्लिकचे २७ कॉल जातात, तेही तो आधीच आजारी असताना. म्हणून रिट्राय शक्यतो एकाच थरात, प्रत्येक वेळी वाढत्या अंतरानं आणि त्यात थोडा रँडमपणा घालून. आणि रिट्राय आला की पुढचा प्रश्न लगेच: हीच रिक्वेस्ट दोनदा पोचली तर काय होईल? पैसे दोनदा कापले जातील का? आयडेम्पोटन्सी हा शब्द अवघड आहे, प्रश्न एवढाच आहे.

आकड्यांत सरासरीवर विश्वास ठेवू नका. सरासरी रिस्पॉन्स टाइम मस्त असतो आणि तरी ग्राहक ओरडत असतात, कारण शंभरातला एक कॉल फार हळू असतो. एक पान उघडायला १० सर्व्हिसेसना कॉल जात असेल आणि प्रत्येकाचे फक्त १ टक्का कॉल हळू असतील, तरी जवळपास १० टक्के पानं हळू उघडणार. १०० कॉल असतील तर ६३ टक्के. म्हणून पी-९९ बघायचा, म्हणजे शंभरातले ९९ कॉल ज्या वेळेच्या आत होतात तो आकडा. अपटाइमचंही तेच, ९९.९ टक्के म्हणजे ३० दिवसांच्या महिन्यात साधारण ४३ मिनिटं बंद चालेल, ९९.९९ म्हणजे जेमतेम सव्वाचार. सव्वाचार मिनिटांत माणूस झोपेतून उठून लॅपटॉप पण उघडत नाही, त्यामुळे सेल्सवाल्यांनी चार नऊ कबूल केले असतील तर दुरुस्ती आपोआप व्हायला हवी आणि त्याचा खर्च वेगळा, हे तुम्हीच त्यांना सांगायचं. ही जी परवानगीची मिनिटं असतात त्यांना एरर बजेट म्हणतात. संपलं की नवी फीचर्स थांबवून स्थिरतेवर काम, हे आधीच प्रॉडक्टसोबत ठरवून ठेवलं तर ऐनवेळी भांडण होत नाही.

आणि डिप्लॉय. १ ऑगस्ट २०१२, नाइट कॅपिटल ही अमेरिकेतली शेअर ट्रेडिंग कंपनी. नवा कोड आठ सर्व्हरवर जायला हवा होता, सातवर गेला. आठव्यावर वर्षानुवर्षं न वापरलेला जुना कोड होता, आणि नव्या कोडनं नेमका त्याच जुन्या कोडचा फ्लॅग (तो भाग चालू-बंद करायची खूण) परत वापरात घेतला होता. बाजार उघडला आणि आठवा सर्व्हर भलत्याच ऑर्डर टाकत सुटला, साधारण ४५ मिनिटांत ४४ कोटी डॉलरपेक्षा जास्त तोटा. डिप्लॉय दुसऱ्या कुणी तपासला नव्हता. आणि मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करणारं म्हणजे, बाजार उघडायच्या आधी सिस्टिमनं आपणहून ९७ मेल पाठवले होते ज्यात एररचा उल्लेख होता, पण ते अलर्ट म्हणून कुणी बघतच नव्हतं. परत तेच, पडून असलेला सिग्नल.

यातून तुमच्या टीमसाठी काय घ्यायचं: डिप्लॉय माणसानं हातानं करायचा नाही, आधी थोड्या ट्रॅफिकवर सोडायचा, रोलबॅक एका कमांडचा हवा आणि ती कमांड टीममधल्या सगळ्यात नव्या मेंबरलाही देता यायला हवी. मेलेला कोड काढून टाका, जुने फीचर फ्लॅग काढून टाका, कंटाळवाणं असलं तरी त्याचं तिकीट करा. आणि अलर्टची यादी महिन्यातून एकदा वाचा, ज्यावर कुणी काही करत नाही तो एकतर दुरुस्त करा नाहीतर उडवा.

सिक्युरिटीबद्दल एवढंच विचारा: अमुक लायब्ररीत भोक सापडलं तर आपण ती कुठे कुठे वापरतो हे किती वेळात सांगता येईल? डिसेंबर २०२१ मध्ये लॉग-फोर-जे या असंख्य ठिकाणी वापरल्या जाणाऱ्या लायब्ररीत असंच भोक सापडलं तेव्हा कितीतरी टीम्सचा पहिला वेळ पॅच लावण्यात नाही, ती लायब्ररी आहे कुठे हे शोधण्यात गेला.

पायरी ७: आग लागली की कीबोर्डपासून लांब

हे मी स्वतः चूक करून शिकलोय. एका रात्री पेमेंट अडकले, मी मॅनेजर होऊन तीन महिने झालेले, कॉलवर आलो आणि जुनी सवय म्हणून कुणाला न सांगता एक सर्व्हिस रीस्टार्ट केली. ऑन-कॉल इंजिनिअर (त्या रात्री बिघाड बघायची पाळी असलेला) त्याच वेळी तिच्या कनेक्शनचा हिशोब लावत होता, त्याच्या हातात आलेला धागा मीच तोडला. परत तसं व्हायला पाऊण तास लागला. तो काही बोलला नाही, तेच जास्त लागलं.

तेव्हापासून ठरलंय: एक जण सूत्रं हातात घेतो, एक-दोघं हात चालवतात, आणि मी बाहेरच्या लोकांना सांभाळतो. दर वीस-तीस मिनिटांनी सपोर्टला आणि वरच्यांना एक मेसेज, नवीन काही नसेल तरी "नवीन काही नाही, पुढचा अपडेट अमुक वाजता". असं केलं की "काय झालं, काय झालं" विचारणारे डायरेक्टर कॉलवर येऊन बसत नाहीत. आधी रोलबॅक, कारण नंतर.

दुसऱ्या दिवशी पोस्टमॉर्टेम, म्हणजे काय बिघडलं आणि का, यावर टीमची बैठक. कोणी केलं याच्यापाशी थांबलात तर पुढच्या वेळी कुणी खरं सांगणार नाही. त्या माणसाला त्या क्षणी ते बरोबर का वाटलं, त्याच्या स्क्रीनवर काय दिसत होतं, ते विचारा. दोन-तीनच ॲक्शन आयटम, प्रत्येकावर नाव आणि तारीख, आणि ते नेहमीच्या बॅकलॉगमध्येच. वेगळ्या डॉकमध्ये ठेवलेत की विसरा.

पायरी ८: तारखा, वरचे लोक आणि आकडे

तारीख मागितली की एक तारीख देऊ नका, रेंज द्या आणि ती कशावर अवलंबून आहे ते सांगा. उशीर होणार हे तुम्हाला ज्या दिवशी कळलं त्याच दिवशी सांगा, सोबत पर्याय घेऊन जा: हे फीचर काढलं तर वेळेत, सगळं हवं असेल तर तीन आठवडे पुढे. "अजून चार माणसं देतो" असं उत्तर आलं तर फ्रेड ब्रूक्स यांनी १९७५ मध्येच लिहून ठेवलंय की उशीर झालेल्या प्रोजेक्टमध्ये माणसं वाढवली की तो आणखी उशिरा होतो. नव्यांना शिकवायला जुनेच लागतात, आणि बोलायच्या जोड्या ८ जणांत २८ असतात त्या १२ जणांत ६६ होतात. हा हिशोब कागदावर काढून दाखवला की निदान चर्चा तरी शहाणी होते.

टीमची रचना करायची वेळ आली तर मेल्विन कॉनवे यांचं १९६८ मधलं निरीक्षण आठवा, संस्थेत बोलण्याचे रस्ते जसे असतात तशीच सिस्टिम बनते. दोन टीम्सना प्रत्येक रिलीजला एकमेकांसाठी थांबावं लागत असेल तर नवा आर्किटेक्चर डॉक लिहिण्याआधी टीम्सच्या सीमा बघा.

मोजायचं असेल तर किती वेळा डिप्लॉय होतो, कमिटपासून प्रॉडक्शनला किती वेळ, किती डिप्लॉय बिघडतात, आणि बिघडलं की सावरायला किती वेळ, हे चार पुरे. टीमचे मोजा, माणसांचे कधीच नाही. एकेकाचे पीआर मोजायला लागलात की पुढच्या महिन्यात एका बदलाचे पाच पीआर येतील, आणि त्यात त्यांची चूक नाही.

पायरी ९: दोन आठवडे सुट्टीवर जा

साधारण सहा महिन्यांनी हे करा. लॅपटॉप न घेता, फोन फक्त खऱ्या आगीसाठी. जायच्या आधी कुणाचा कुठला निर्णय ते पायरी ५ मधल्या चार प्रकारांत बसवून एका पानावर लिहा आणि सगळ्यांना पाठवा. परत आल्यावर मेल उपसायच्या आधी टीमला विचारा, माझ्यासाठी काय काय थांबलं होतं. माझ्या पहिल्या वेळी सात गोष्टी निघाल्या. त्यातल्या दोन खरंच माझ्या होत्या, एक पगाराची आणि एक बजेटची. उरलेल्या पाचांसमोर त्याच मीटिंगमध्ये पाच नावं लिहिली, त्यातलं एक त्याच सिनियर इंजिनिअरचं होतं, आणि डिझाइनचे निर्णय तेव्हापासून ती घेते. डॉक मी आता वाचून जातो.